भेटीचं कारण

फिलाडेल्फियाचा दोन दिवसांचा प्लॅन तयार करून मी आईला पाठवला. अर्ध्या तासानं तिचा व्हॉइस मेसेज आला. जेमतेम पाच सेकंदांचा.

"बापू, हे कोनासाठी हाय?"

मी यवतमाळात बस स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. पीकविमा, स्कॉलरशिप, भरतीचे अर्ज, रेल्वेची तिकिटं. रोज दहा-बारा लोकांचे प्रवास माझ्या हातून ठरतात. मी स्वतः हैदराबादच्या पुढे गेलेलो नाही, पण तिकीट काढताना माझा हात कधी अडखळत नाही. त्यामुळे आईचा सवाल मला लागला. कोणासाठी म्हणजे काय? तुझ्यासाठीच ना!

आई तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला होती, ताईकडे. ताईला सातवा महिना लागला होता. सहा महिन्यांचा मुक्काम, बॅगेत डिंक, खारीक, अळीव आणि तिचं जुनं बीपीचं मशीन. बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणाऱ्या आयांचं वेळापत्रक सगळ्यांना माहीत असतं. आधी पोरीचं, मग बाळाचं, मधल्या वेळात स्वयंपाक. सुट्टीच्या दिवशी जावई नायगारा दाखवून आणतो, फोटो येतात, संपलं. मला वाटलं, या सहा महिन्यांतले दोन दिवस तरी फक्त आईचे असावेत. ताईही म्हणाली, आताच जाऊ दे, नंतर ती घराबाहेर पडणार नाही.

फिलाडेल्फिया आईनंच सांगितलं होतं. न्यू यॉर्क नको, वॉशिंग्टन नको. "ते आनंदीबाई शिकली ते गाव. किती दूर हाय?"

आईनं ‘आनंदी गोपाळ’ हा सिनेमा टीव्हीवर दोनदा पाहिला होता, एवढं मला माहीत होतं. मी ते फारसं मनावर घेतलं नाही. फिलाडेल्फिया म्हटल्यावर मी रील्स पाहायला बसलो आणि दोन रात्रींत एकोणीस ठिकाणांची यादी केली. सकाळी नऊला लिबर्टी बेल, साडेनऊला इंडिपेंडन्स हॉल, अकराला बेट्सी रॉसचं घर, आणि दुपारी चारला आर्ट म्युझियमच्या त्या बाहत्तर पायऱ्या, जिथं सिनेमातला रॉकी पळत वर जातो. आईच्या गुडघ्यांचा विचार त्या यादीत कुठंच नव्हता. तिथं पळायचं होतं ते मला.

*

आई चौतीस वर्षं एएनएम होती. १९८६ मध्ये ट्रेनिंग पूर्ण करून ती झरी जामणी भागातल्या एका उपकेंद्रावर रुजू झाली आणि २०२० मध्ये निवृत्त झाली. तिच्याकडं गावं होती आणि पोडं होती. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पोड तुटायचं. आई लसींचा डबा खांद्याला लावून, चपला हातात घेऊन पलीकडे जायची. लोक तिला सिस्टर म्हणायचे, म्हाताऱ्या बाया नर्सबाई म्हणायच्या. आम्ही लहान असताना ती घरात नसली की कुणी विचारायचं, आई कुठं गेली? आम्ही सांगायचो, फिरतीवर.

ही फिरती मनात येईल तशी नसायची. सरकारी नोकरीत महिना सुरू होण्याआधी आगाऊ फिरती कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. तारीख, गावाचं नाव, जाण्याचं साधन, मुक्काम. त्यातच एक रकाना असायचा : भेटीचं कारण. लसीकरण, गरोदर माता तपासणी, प्रसूतिपश्चात भेट. महिना संपला की दैनंदिनी. ठरवलं काय, झालं काय, शेरा. रविवारी रात्री आई स्वयंपाकघरात पाटावर वही ठेवून हे तक्ते आखायची, पट्टी म्हणून माझी फूटपट्टी घ्यायची.

हे सगळं मला त्या पाच सेकंदांच्या मेसेजनंतर आठवलं. चारशे महिन्यांचे प्लॅन केलेल्या बाईला मी प्लॅन पाठवला होता!

मी फोन लावला. इकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे दुपारचे बारा. म्हटलं, मग तूच सांग. दुसऱ्या दिवशी तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या पेनानं आखलेला तक्ता, ओळी रिकाम्या, वर फक्त रकान्यांची नावं. तारीख. ठिकाण. साधन. भेटीचं कारण. खाली लिहिलं होतं : ‘शेवटचा रकाना भरता आला नाही तर ते ठिकाण काढून टाक.’

एकोणीसातली अकरा ठिकाणं एका बैठकीत गेली. रॉकी सगळ्यात आधी.

*

उरलेल्या शहराकडं मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. जुनं फिलाडेल्फिया पायी फिरता येतं, हे या शहराचं मोठं सुख. विल्यम पेनच्या माणसांनी १६८२ मध्ये ते वहीच्या चौकटीसारखं आखलं. एका दिशेच्या रस्त्यांना आकडे आहेत आणि ते डेलावेअर नदीपासून वाढत जातात. आडव्या रस्त्यांपैकी बऱ्याच जणांना झाडांची नावं : चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. मी आईला सांगितलं, आकडा कमी होत गेला की तू नदीकडे चालली आहेस, वाढत गेला की नदीपासून दूर. ती म्हणाली, "हे बरं हाय. आपल्याकडे मोहाच्या झाडापासून डावीकडे, तसंच."

सोबतीचाही प्रश्न सुटला. भाऊजींना सुट्टी नव्हती, ताईला चालवत नव्हतं. ताईच्या बिल्डिंगमध्ये अमरावतीच्या एक काकू मुलाकडे आल्या होत्या. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आईपेक्षा चार वर्षांनी मोठ्या. त्या लगेच तयार झाल्या. म्हणजे बासष्ट आणि सहासष्ट वयाच्या दोन बाया, दोन रेल्वे बदलून, एका अनोळखी शहरात. प्लॅनमध्ये एकही फट ठेवून चालणार नव्हतं.

मी स्टेशन-स्टेशन लिहून दिलं. एडिसनहून ट्रेंटनपर्यंत एनजे ट्रान्झिटची गाडी. ट्रेंटनला उतरून सेप्टाची दुसरी, तिचं तिकीट वेगळं. फिलाडेल्फियात तीन मोठी स्टेशनं लागतात, पहिल्या दोनला उठायचं नाही, तिसऱ्या जेफरसन स्टेशनला उतरायचं. तिथून रेडिंग टर्मिनल मार्केट अगदी लागून आहे. १८९३ पासूनचा बाजार, जुन्या रेल्वेच्या शेडखालचा. आमिश लोकांची दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून मंगळवार-बुधवार धरला. मुक्काम जुन्या भागातच, म्हणजे दुपारी खोलीवर येऊन पाय लांब करता येतील.

आईनं एकच गोष्ट तीनदा विचारली. संडास कुठं कुठं हाय?

मी हसलो, तेव्हा ती म्हणाली, "हसू नको. फिरतीवर मी दिवसभर पानी पीत नव्हती. का नव्हती, इचार." पोडावर, शाळेच्या ओट्यावर, ग्रामपंचायतीत, बाईमाणसानं जायचं कुठं? चौतीस वर्षं ती सकाळी एक कप चहा पिऊन निघायची आणि संध्याकाळी घरी येऊन पाणी प्यायची. मूत्रखड्याचा त्रास तिला कशामुळे झाला, हे मला फिलाडेल्फियाचा नकाशा पाहताना कळलं. मग मी प्रत्येक ठिकाणापुढे एक चिन्ह केलं आणि अशी सोय नसलेली आणखी दोन ठिकाणं काढली.

*

आता राहिलं ते मुख्य. आनंदीबाईंचं कॉलेज.

पेनसिल्व्हेनियाचं हे महिलांचं वैद्यकीय कॉलेज १८५० मध्ये सुरू झालं. बायकांना डॉक्टर करण्यासाठीच काढलेल्या जगातल्या पहिल्या काही संस्थांपैकी एक. आनंदीबाई तिथं होत्या तेव्हा ते शहराच्या उत्तर भागात नॉर्थ कॉलेज अॅव्हेन्यूवर होतं. १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्सला हललं. पुढे त्यात मुलगेही शिकू लागले, नाव बदललं, ते दुसऱ्या कॉलेजात मिसळलं आणि शेवटी सगळं ड्रेक्सेल विद्यापीठात गेलं. जुनी कागदपत्रं तिथल्या संग्रहात आहेत. पण ‘हे बघ कॉलेज’ असं म्हणून आईला उभं करावं, अशी जागा मला सापडेना.

आईला हे सांगायला मी कचरत होतो. ती म्हणाली, "मंग समाधी?"

तिची समाधी म्हणजे न्यू यॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठी पोकिप्सी गावातलं दफनस्थान. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्यांची रक्षा अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली. या थिओडोसिया कार्पेंटर दंतवैद्याकडे बसल्या असताना एक मासिक चाळत होत्या. त्यात गोपाळरावांचं पत्र छापलं होतं. त्यांनी आनंदीबाईंना लिहायला सुरुवात केली आणि ओळखदेख नसलेली मुलगी पुढे त्यांच्या घरी राहायला आली. ते घर न्यू जर्सीतल्या रोझेलला होतं. ताईच्या घरापासून मोटारीनं अर्धा-पाऊण तास.

"म्हंजे तीबी पयले न्यू जर्सीतच आली!" आईला याचा फार आनंद झाला.

पोकिप्सी मात्र अगदी उलट्या दिशेला. दोन दिवसांत दोन्ही होणार नव्हतं. तिथल्या दगडावर काय आहे ते मी तिला फोनवर दाखवलं. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर. मला वाटलं, यावर ती काही बोलेल. ती एवढंच म्हणाली, "आमच्या रजिस्टरातबी जातीचा रकाना होता. बाळंतीण होताना मात्र साऱ्या सारख्याच वरडत होत्या."

मग मी ड्रेक्सेलच्या संग्रहाची वेबसाइट उघडली. तिथं आनंदीबाईंचं एक पत्र आहे, जून १८८३ मधलं. कलकत्त्याहून ७ एप्रिलला निघून ४ जूनला त्या न्यू यॉर्कला उतरल्या, आणि महिना पुरा व्हायच्या आत रोझेलहून कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलं. वय अठरा. अक्षर सरळ, स्वच्छ. मी व्हिडिओ कॉलवर पत्र समोर ठेवून आईला मराठीत सांगू लागलो. त्या लिहितात की तुमच्या सगळ्या अटी मी पूर्ण करत नसेन. पण मित्रांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, त्याची तुम्ही काही किंमत धराल. आणि का आले, तर माझ्या देशातल्या गरीब बायांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. पुरुष डॉक्टरच्या हातून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात.

इथं आई म्हणाली, "थांब."

मी थांबलो. स्क्रीनवर ती दिसत होती, मागं ताईचं स्वयंपाकघर. मला वाटलं नेट अडकलं.

मग तिनं एका बाईचं सांगितलं. पोडावरची. दुसरं बाळंतपण, नंतर रक्त थांबेना. नाल्याला पूर, जीप पलीकडे. बैलगाडी जुंपायला घरचे तयार झाले, पण बाई नाही म्हणायची. दवाखान्यात पुरुष डॉक्टर आहे आणि मागच्या वेळी तिथं तिच्याशी कुणी नीट बोललं नव्हतं. आई तीन तास तिची समजूत घालत बसली. पहाटे ती हो म्हणाली. नाल्याच्या काठापर्यंत गाडी गेली, पुढे न्यायची गरज उरली नाही. आई तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. बाळ जगलं.

"दैनंदिनीत मी लिवलं : मातामृत्यू एक. शेरा : नाल्याला पूर. अर्धंच खरं होतं ते."

मी या घरात तीस वर्षं राहिलो. मी हे कधी ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, आनंदीबाईनं डिग्रीला काय लिहिलं? मी शोधून सांगितलं, प्रबंध. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. "म्हंजे बाळंतपनच," ती म्हणाली. तिला माहीत होतं की आनंदीबाईंचं पहिलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं होतं. "दहाव्या दिवशीबी मी जात होती घरी. नाळ सुकली का पाह्यले." मग वर्षाचं विचारलं. पदवी ११ मार्च १८८६. आईनं बोटावर मोजलं. "मी शहाऐंशीत लागली. तिथून पोडावर पोचायले शंभर वर्षं लागले."

*

दुसऱ्या दिवशी भेटीच्या कारणाचा रकाना आपोआप भरला. कॉलेज नाही, तर हॉस्पिटल.

आठवा रस्ता आणि स्प्रूसच्या कोपऱ्यावर पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आहे. बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉ. थॉमस बाँड यांनी १७५१ मध्ये काढलेलं, अमेरिकेतलं पहिलं मानलं जाणारं, आणि आजही चालू. जुन्या इमारतीत १८०४ चं गोलाकार शस्त्रक्रियागृह आहे. छतातल्या काचेतून उजेड यायचा, म्हणून भर दुपारी आणि ऊन असेल तेव्हाच ऑपरेशन करायचे. याच हॉस्पिटलात नोव्हेंबर १८६९ मध्ये महिला कॉलेजच्या विद्यार्थिनी पहिल्यांदा व्याख्यान ऐकायला गेल्या. पुरुष विद्यार्थ्यांनी शिट्ट्या मारल्या, कागदाचे बोळे फेकले, तंबाखू थुंकली. मुली बसून राहिल्या आणि पुन्हाही आल्या. त्यानंतर चौदा वर्षांनी आनंदीबाई या शहरात आल्या.

हॉस्पिटलच्या आवारात औषधी झाडांची बाग आहे. इंडिपेंडन्स हॉलपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. मी चिन्ह केलं. बाकं आहेत.

निघायच्या आदल्या रात्री ताईचं बीपी वाढलं. आईनं आपल्या मशीनवर तीनदा पाहिलं, वहीत लिहिलं, दवाखान्यात फोन करायला लावला आणि मला कळवलं, "रद्द." हॉलच्या वेळेच्या तिकिटांचे बुकिंगचे दोन डॉलर गेले. हॉटेलनं तारीख बदलून दिली. मी चिडलो, नशिबावर. आई चिडली नाही. फिरतीत असं होतंच. पुढच्या आठवड्यात ताईचं बीपी सलग चार दिवस ठीक राहिलं, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि मंगळवारी सकाळी भाऊजींनी दोघींना एडिसन स्टेशनवर सोडलं. डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि झुणका.

मी दुकानात बसून गाड्या पाहत होतो. ट्रेंटन बदललं. जेफरसनला उतरल्या. मग चार तास काही नाही. संध्याकाळी लिबर्टी बेलचा फोटो. ही घंटा १७५२ मध्ये लंडनहून आली, वाजवून पाहतानाच तडकली, म्हणून इथल्या दोन कारागिरांनी वितळवून पुन्हा ओतली, आणि पुढच्या शतकात तिला पुन्हा तडा गेला. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी तिला स्वातंत्र्याची घंटा हे नाव दिलं. आईचा शेरा : "फुटली तरी फेकली नाही. चांगले लोक हाय."

इंडिपेंडन्स हॉलमधल्या ज्या खोलीत १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना मंजूर झाली, तिथं त्या वीस मिनिटं होत्या. काकूंनी गाइडला प्रश्न विचारले. त्या वेळी सही करणाऱ्यांत बाई किती? एकही नाही, हे त्यांना माहीतच होतं. तरी विचारलं.

बुधवारी दुपारी, म्हणजे माझ्याकडं रात्री अकराला, आईनं एक रेकॉर्डिंग पाठवलं. सात मिनिटांचं. आधी वारा, मग एक अँब्युलन्स जवळून गेली, आणि मग काकूंचा वर्गात शिकवतात तसा आवाज. त्या बाकावर बसून आनंदीबाईंचं पत्र मूळ इंग्रजीतून मोठ्यानं वाचत होत्या, एकेका शब्दावर थांबत. आईला सगळं इंग्रजी कळत नाही. पण ज्या वाक्यावर तिनं मला थांबवलं होतं, त्या वाक्याला तिनं काकूंना म्हटलं, "पुन्हा वाचा." काकूंनी पुन्हा वाचलं. मग बराच वेळ फक्त वारा. रेकॉर्डिंग बंद करायचं आई विसरली होती.

सहा मुक्कामांपैकी चार झाले. बेट्सी रॉसचं घर राहिलं. एल्फ्रेथ्स अॅली ही जुन्या घरांची गल्ली राहिली. बाकी वेळ कुठं गेला, ते गुरुवारी कळलं, जेव्हा भरलेल्या तक्त्याचा फोटो आला. माझं लक्ष शेवटच्या ओळीवर गेलं.

ठिकाण : पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल, बाग. साधन : पायी. भेटीचं कारण : पत्र वाचणे, बसणे. वेळ : अडीच तास. शेरा : पाणी भरपूर प्यायले.